टीमच्या ऑफिसात पोचायला आधी मैदानात खेळलेलं असावंच लागतं का?

नेरूळचा मामा:
भाचा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर डी. वाय. पाटील स्टेडियमच्या जवळच, 2008 ला आयपीएलची पहिली फायनल तिथे झाली तेव्हा हा एवढासा होता. त्याला खेळायचं नाहीये, टीम चालवायची आहे, त्यासाठी एक कोर्स लावायचा विचार चाललाय. घरचे म्हणतात लेदर बॉल कधी हातात धरला नाही, तुला कोण विचारणार. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमधला थिओ एपस्टाइन बघा, कॉलेजात असताना बाल्टिमोर ओरिओल्समध्ये इंटर्न, मग सॅन डिएगो पाड्रेसमध्ये पीआर आणि सोबत वकिलीचं शिक्षण, आणि 2002 मध्ये 28 व्या वर्षी बॉस्टन रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर, म्हणजे कोणाला घ्यायचं कोणाला सोडायचं ते ठरवणारा माणूस! 2004 ला टीमने 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी ट्रॉफी जिंकली.

घोडबंदर रोड:
मामा, एक एपस्टाइन दिसतो, मागे राहिलेले हजारो दिसत नाहीत. आपल्याकडे आयपीएलच्या टीम 10, सीईओच्या खुर्च्या पण तेवढ्याच. राहुल संघवी एकच टेस्ट खेळला, 2001 ला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध, पण पुढे मुंबई इंडियन्सचा टीम मॅनेजर झाला, कारण ड्रेसिंग रूममध्ये खेळलेल्या माणसाचा शब्द चालतो. अमेरिकेतला बिली बीन पण आधी खेळाडूच, 1990 ला खेळणं सोडून स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारा झाला, 1997 ला ओकलंडच्या बेसबॉल टीमचा जनरल मॅनेजर.

नेरूळचा मामा:
टीम मॅनेजरचं ठीक आहे हो, पण केकेआरचे, म्हणजे आयपीएलमधल्या कोलकात्याच्या टीमचे सीईओ वेंकी मैसूर 2010 मध्ये विमा कंपनीतून आले आणि 2012 ला ट्रॉफी आली. स्पॉन्सर, पगार, ऑक्शनचं बजेट, हे सांभाळायला हिशेबी डोकं लागतं.

कोपरीची ताई:
तुम्ही दोघं पण वरच्या मजल्याचंच बोलताय. मी एका टीमसोबत तीन सीझन काम केलंय, तेव्हा जरा ऐका. सुरुवात म्हणजे हॉटेलच्या रूमची यादी, स्पॉन्सरचे पास, किटच्या बॅगा मोजणं, रात्री दोनला बस कुठे अडकली ते बघणं. आणि कॉन्ट्रॅक्ट फक्त सीझनपुरतं, अडीच-तीन महिने झाले की घरी, माझे शेवटचे पैसे तर चार महिन्यांनी मिळाले. मामा, मैसूर विमा कंपनीतून आले ते तिथली मोठी पोस्ट सोडून, बीकॉम करून थेट नाही आले. कोर्सवर लाखो रुपये घालू नका. त्याला मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या (एमसीए) स्कोअररच्या परीक्षेला बसवा, एक्सेल पक्कं करू दे आणि लोकल टुर्नामेंटला आयोजकांच्या हाताखाली उभं राहू दे.

घोडबंदर रोड:
ताईंचं पटलं. तरी खेळलेला आणि न खेळलेला समोरासमोर आले की नंबर खेळलेल्याचाच लागणार, हे मी मागे घेत नाही.

नेरूळचा मामा:
घेऊ नका, मी पण माझं सोडत नाही. पण ताई, पैशांचं तुम्ही सांगितलं ते बरं झालं, फीचा पहिला हप्ता या शुक्रवारी भरायचा होता तो थांबवलाय. भाचा विचारतोय, लोकल टुर्नामेंटला बिनपगारी राबायचं तर निदान जाण्यायेण्याचा खर्च मागितला तर चालतो का?

कोपरीची ताई:
चालतो. पहिल्याच दिवशी मागायचा, मेसेजवर लिहून घ्यायचा.