विनाशिका, विध्वंसक की नुसतीच युद्धनौका?

मंडळी एक शंका आहे, पेपरात एकाच जहाजाला कधी विनाशिका, कधी विध्वंसक आणि कधी युद्धनौका म्हणतात. फरक काय? आणि फ्रिगेटला (विनाशिकेहून जरा लहान युद्धनौका) मराठीत काय म्हणायचं?

– युद्धनौका हा सगळ्यांना मिळून शब्द झाला, विनाशिका त्यातली एक जात. विध्वंसक हिंदी बातम्यांतून उचललेला. मूळ इंग्रजी नाव टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर, कारण 1890 च्या दशकात टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाजावर आदळणारं स्फोटक अस्त्र, म्हणजे पाणतीर) सोडणाऱ्या चिमुकल्या बोटी मोठमोठ्या जहाजांच्या जिवावर उठल्या होत्या आणि त्यांना गाठून बुडवायला ही वेगवान जहाजं बांधली, मग पुढचे दोन शब्द गळाले नि आपण उरलेल्या शेपटाचं भाषांतर केलं.

– शब्द झकास आहे पण आजचं काम राखणदाराचं जास्त. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गातल्या चारही विनाशिका घ्या, विशाखापट्टणम (2021 ला नौदलात दाखल), मोरमुगाव, इंफाळ आणि सूरत (2025). प्रत्येकी साधारण 7400 टन, लांबी 163 मीटर. जहाजांवर नि जमिनीवर मारा करायला प्रत्येकीवर 16 ब्राह्मोस क्षेपणास्त्रं आहेतच, पण विमानं आणि येणारी क्षेपणास्त्रं पाडायला बराक-8 आहेत 32, म्हणजे दुप्पट! ही सगळी डेकखालच्या उभ्या नळ्यांत असतात, झाकण उघडून सरळ वर सुटतात आणि मग दिशा पकडतात. शिवाय पाणबुडीसाठी पाणतीर, रॉकेटं, हेलिकॉप्टर. ताफ्यात ही असली की बाकीच्यांना जरा निवांत.

– पाणतीर लिहिलंत, बरं वाटलं. काही चॅनेलवाले टॉर्पेडोला सर्रास पाणसुरुंग म्हणतात. अहो सुरुंग एका जागी दबा धरून बसतो, तीर सोडावा लागतो!

– त्याहून डोक्यात जातं ते 'ताशी 30 नॉट'. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, परत ताशी कशाला? 30 नॉट म्हणजे साधारण 55 किमी, आपल्या सिंहगड रोडला संध्याकाळी स्वप्नातही मिळणार नाही.

– फ्रिगेटला गुराब म्हणूया का? आंग्र्यांच्या आरमारातला शब्द आहे, वापरात तरी येईल.

– काका, गुराब शिडाची, तिच्यावर क्षेपणास्त्र ठेवलं तर वाचणारा गोंधळेल. फ्रिगेटच राहू द्या, टेबल चालतं तसं हेही चालेल. फक्त लिंग सांभाळा, नौका म्हणून 'सूरत दाखल झाली', गावासारखं 'झालं' नको.