मदत हवी आहे: १० केल्विनच्या बर्फात मोठे सेंद्रिय रेणू जुळतात कसे?

मंडळी, अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, मुलांसाठी आंतरतारकीय ढगांवर एक जादा तास घ्यायचाय आणि तयारी एका जागी अडलीये. ॲस्ट्रोकेमिस्ट्रीतलं कोणी असेल तर प्लीज वाचा.

मला काय कळलंय ते आधी सांगते. दाट ढगाच्या आत तापमान साधारण १० केल्विन (म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस), धुळीच्या बारीक कणांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन यांचा बर्फ साचतो, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने कॅमेलियन १ नावाच्या ढगात हे सगळं मिथेनॉलसकट पाहिलं, २०२३ चा पेपर आहे. आता एवढ्या थंडीत अऱ्हेनियसचं समीकरण (तापमान घटलं की रिॲक्शनचा वेग किती घटतो ते सांगणारं) लावलं तर रिॲक्शन बंदच पडायला हवी ना, पण हायड्रोजनचा अणू हलका, तो बर्फावर फिरतो आणि रिॲक्शनच्या वाटेतला ऊर्जेचा अडथळा चढून न जाता टनेलिंगने, म्हणजे क्वांटम परिणामामुळे, त्याच्या आरपार जातो, मग कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन चिकटत आधी फॉर्माल्डिहाइड, नंतर मिथेनॉल. होक्काइदो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी २००२ मध्ये १० केल्विनच्या बर्फावर हायड्रोजन अणू सोडून हे करूनच दाखवलं. ॲक्टिव्हेशन एनर्जीचा डोंगर आपण दरवर्षी फळ्यावर काढतो, त्याच्या आतून जाणारा अणू मुलांना दाखवायला मिळणार म्हणून मला केव्हाचा हुरूप आलाय.

अडतं ते पुढे. मिथाइल फॉर्मेटसारख्या मोठ्या सेंद्रिय रेणूसाठी दोन जड रॅडिकल (जोडी न जुळलेला इलेक्ट्रॉन असलेले रेणूंचे तुकडे) भेटायला हवेत आणि ते १० केल्विनला जागचे हलत नाहीत. तारा जन्मला की बर्फ ३० केल्विनच्या आसपास तापतो, रॅडिकल सरकायला लागतात, हे मान्य, पण भुजंगधारी तारकासमूहातल्या एल १६८९बी या दाट ढगामध्ये तारा अजून जन्मलेलाच नाही आणि तरी २०१२ मध्ये तिथे मिथाइल फॉर्मेट, डायमिथाइल ईथर, असिटाल्डिहाइड वायुरूपात सापडले!

रॅडिकल शेजारी-शेजारीच तयार होतात, त्यांना सरकावंच लागत नाही, असं वाचलं. लायडनच्या लॅबमध्ये गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर नुसता हायड्रोजन सोडून ग्लायकोलाल्डिहाइड मिळालंय, त्यामुळे मला हे पटतंय. पण मग त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा वरचा थरच लागतो का, की पाण्यात मिसळलेला असला तरी जमतं? आणि अल्ट्राव्हायोलेटची गरज किती? ताऱ्यांचा उजेड आत पोचत नाही, कॉस्मिक किरणांनी (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांनी) हायड्रोजनचे रेणू उत्तेजित होऊन आतच अल्ट्राव्हायोलेट तयार होतो हे प्रसाद आणि तारफदार यांनी १९८३ मध्ये मांडलंय, तेवढं माहितीये.

सगळ्यात मोठी शंका हे रेणू बर्फातून सुटून वायूत बाहेर पडण्याची. पाण्याचा बर्फ तिथे १०० केल्विनच्या आसपास उडतो, मग १० ला हे रेणू सुटतात कसे? रिॲक्शनच्याच ऊर्जेने उसळतात म्हणावं तर मिथाइल फॉर्मेटएवढ्या रेणूत ती ऊर्जा बाँड्समध्येच वाटली जाणार नाही का? की फक्त मिथेनॉल सुटतं आणि बाकीचं वायूतच घडतं? दोन्ही बाजू मांडणारा एखादा रिव्ह्यू पेपर सुचवा, इंग्रजी चालेल, मुलांसाठी सोपं मी करून घेईन.