मेल पाठवताना ५३५ एरर दिसला तर पोर्टला हात लावू नका

सॉफ्टवेअरमधून बिलं ईमेलने जात नसतील, तर पोर्ट (मेल सर्व्हरला जोडायचा क्रमांक) ४६५ जमत नसेल तर ५८७ टाका, असा सल्ला मिळतो, तो ठीक. फक्त ५८७ ला स्टार्ट-टीएलएस (आधी साधी जोडणी, मग ती सुरक्षित करणं) आणि ४६५ ला सुरुवातीपासून एसएसएल (सुरक्षित जोडणी), सेटिंगमधली टिक त्याप्रमाणे हवी. पण जीमेलला तेवढ्याने भागत नाही. मे २०२२ अखेर गूगलने साध्या खात्यांना नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून मेल पाठवणं बंद केलं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी गूगल देतं तो वेगळा पासवर्ड) काढायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच टाकायचा.

आता आमच्या दुकानातली गंमत. सगळं सुरळीत चालू असताना धाकट्या भावाने जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला. तो बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. चार दिवस एकही बिल गेलं नाही. स्क्रीनवर '५३५' येतोय आणि मी आपला पोर्ट बदलतोय, राउटरला शिव्या घालतोय! शेवटी पार्टीचाच फोन आला, "शेठ, बिल पाठवताय ना?" ५३५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, गाडी पासवर्डवर अडलीय. नवा अ‍ॅप पासवर्ड काढला, पाच मिनिटांत सगळी बिलं गेली.