मदत हवी आहे: पुस्तकाला नाव सुचवा (हिशोब येत असूनही माणसं असं का वागतात)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

तर आमचे आबा म्हणजे माझे सासरे सरकारी बँकेतून रिटायर झाले, चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक सांगली जिल्ह्यात, तासगाव, विटा, जत अशी. रिटायर झाल्यावर लोक बाग करतात नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून सगळ्यांना छळतात, आमच्या आबांनी पुस्तक लिहिलं. विषय असा की माणसाला हिशोब येतो, समोर कागदावर मांडूनही दाखवला, तरी तो हिशोबाच्या विरुद्ध का वागतो. काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेले किस्से आणि त्यांना जोडून काहनेमन, ट्वर्स्की, थेलर या, माणूस निर्णय कसे घेतो यावर संशोधन करणाऱ्या मंडळींनी काय शोधून काढलं ते आपल्या भाषेत. सगळं मीच टाईप केलंय, १८० पानं झालीत, आणि सून म्हणून नाही सांगत, खरंच वाचायला मजा येते. म्हणजे तुळशीबागेतली घासाघीस आणि काहनेमन-ट्वर्स्कींचं ते १९७४ चं आकड्यांचं फिरतं चाक एकाच प्रकरणात आहे. ते चाक १० किंवा ६५ वरच थांबेल असं आधीच करून ठेवलेलं होतं आणि मग लोकांना विचारलं की संयुक्त राष्ट्रांमधे आफ्रिकेतले देश किती टक्के. ज्यांचं चाक १० वर थांबलं त्यांचा अंदाज साधारण २५, ६५ वाल्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? काही नाही. आबा म्हणतात विक्रेत्याने पहिल्यांदा बाराशे म्हणलं की आपलं चाक फिरलं, मग सहाशेला घेऊन आपण खूष.

प्रॉब्लेम नावाचा आहे. पुण्यातले प्रकाशक मागे लागलेत, आयएसबीएनच्या अर्जात पुस्तकाचं नाव भरायचंय आणि तिथे गाडी अडलीय. सोमवारपर्यंत सांगा म्हणालेत. आत्तापर्यंत चौदा नावं झाली, घरात एकमत शून्य.

आबांचं स्वतःचं नाव आहे 'मानवी वर्तनातील विवेकशून्यतेचे विवेचन'. तीन वर्षं हेच नाव वहीवर लिहिलेलं होतं त्यामुळे त्यांना ते लेकरासारखं झालंय. प्रकाशक म्हणाले आबा, याच्यावर पीएचडी मिळेल, गिऱ्हाईक नाही मिळणार. प्रकाशकांचं नाव 'शहाणी माणसं मूर्खासारखी का वागतात?' आणि ते खपेलही कदाचित, पण आबा ऐकायलाच तयार नाहीत. नवऱ्याचं 'मेंदूचा लोचा'. त्यावर मी काही बोलत नाही.

मूर्ख शब्दाला आबांचा एवढा विरोध का ते सांगायला एक किस्सा टाकते, पुस्तकातला सगळ्यात आवडता.

१९९६, तासगाव. द्राक्षाची छाटणी झालेली, औषधांना पैसे हवेत म्हणून एक आजोबा बायकोच्या पाटल्या तारण ठेवून पंचवीस हजार कर्ज काढायला आलेले. फडक्यात बांधलेल्या पाटल्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, त्याला रबर. आबांनी पासबुक उघडलं तर सेव्हिंगला साठ हजार पडून! लेकीच्या लग्नाचे म्हणे. तेव्हा सेव्हिंगला साडेचार टक्के आणि कर्जाला पंधराच्या आसपास. आबांनी पैसे काढायची स्लिप उलटी केली आणि पाठीमागे मांडून दाखवलं, कर्जाचं वर्षाचं व्याज ३,७५०, तेच पंचवीस हजार खात्यातून काढले तर बुडणारं व्याज फक्त १,१२५, म्हणजे आजोबा तुम्ही वर्षाला २,६२५ रुपये फुकट घालवताय. आजोबांनी स्लिप नीट बघितली, पाढे येत होते त्यांना. मग म्हणाले, "सायेब, हिशोब तुमचा बराबर हाय. पर ह्ये मोडलं की ग्येलं. तुमचं कर्ज थकलं की तुमी दारात येताय, म्हून फेडतोय. माझंच पैसं मला माघारी मागाया माझ्या दारात कोण येनार?"

आबांनी कर्ज दिलं. आणि म्हणतात की पुढची अठ्ठावीस वर्षं मी त्या वाक्याचं उत्तर शोधतोय. आता सांगा, या माणसाची गोष्ट 'मूर्खासारखी' लिहिलेल्या कव्हरच्या आत कशी टाकायची? शिवाय आबा काही बाहेर उभं राहून लिहीत नाहीयेत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वाटी-चमचा घेऊन तेही गेले होते, सायन्स ग्रॅज्युएट माणूस, पृष्ठताण (त्यानेच दूध चमच्यातून ओढलं जातं) माहिती असलेला, आणि चमचा रिकामा झाल्यावर अंगावर काटा आला हेही प्रामाणिकपणे लिहिलंय.

तर अट एवढीच की नाव वाचणाऱ्याला हिणवणारं नको, अवघड नको, आणि पैशाचा-हिशोबाचा वास हवा. अजून एक अडचण, कव्हर आधीच करून घेतलंय (घाई माझीच), नवऱ्याच्या मित्राने चष्मा घातलेलं गाढव काढलंय, ५,५०० रुपये देऊन झालेत. त्यामुळे गाढवाला शोभेल असं काहीतरी सुचवलंत तर बरं.

---

प्रतिसाद:

कळतं पण वळत नाही. विषय संपला. अख्ख्या बिहेवियरल इकॉनॉमिक्सचं (माणसं पैशाचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात त्याचं शास्त्र) मराठी भाषांतर चार शब्दांत.

---

धागाकर्ती:

हे यादीत तीन नंबरला होतं हो, पण आबा म्हणाले डायबिटीसच्या पुस्तकाचं नाव वाटतं. आणि खरं सांगू, एकदा ते म्हणाल्यापासून मलाही तसंच वाटायला लागलंय.

---

प्रतिसाद:

'चूकभूल द्यावी घ्यावी' कसं वाटतं? बँकवाल्यांचं वाक्य, हिणवणारं नाही, हिशोब पण आला.

---

प्रतिसाद:

वरच्यांना, अहो ते प्रभावळकरांचं नाटक आहे, आणि त्याच नावाची सिरियल पण येऊन गेली. लोक विनोदी पुस्तक समजून घेतील आणि आत ट्वर्स्की निघाला की शिव्या घालतील.

---

प्रतिसाद:

कायद्याचं सांगतो, कोर्टात काळा कोट घालून उभं राहण्यात आयुष्य चाललंय. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. 'देसी बॉईज' सिनेमाच्या नावावरून केस झाली होती, २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नावाला कॉपीराइटचं संरक्षण नाही. म्हणजे त्या मुद्द्यावर कोणी तुम्हाला अडवू शकत नाही. पण अडवू शकत नाही म्हणून घ्यावं असं नाही, दुकानात आणि ऑनलाइन शोधताना तुमचं पुस्तक त्या नाटकाच्या खाली कायमचं गाडलं जाईल. आणि पासिंग ऑफ (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं) वगैरे भानगडी वेगळ्याच. स्वतःचं नवीन शोधा ताई.

---

प्रतिसाद:

प्रकरणांची नावं काय आहेत? कधीकधी पुस्तकाचं नाव आतच लपलेलं असतं.

---

धागाकर्ती:

बहुतेक म्हणीच आहेत. आपल्या वस्तूची आपल्याला वाटणारी किंमत, त्याला 'आपला तो बाब्या'. योगायोगाला कारण समजणं, 'कावळा बसला फांदी तुटली'. स्वस्त वस्तूच्या पायी महागडा खर्च (प्रिंटर आणि त्याची शाई), 'बारा आण्याचा मसाला'.

---

प्रतिसाद:

बारा आण्याचा मसाला!!! हेच ठेवा, काय खमंग नाव आहे, कोंबडी मुद्दाम गाळलेली, वाचणारा मनातल्या मनात म्हण पूर्ण करतो.

---

प्रतिसाद:

मी अकरा वर्षं पुस्तकाच्या दुकानात काढलीत. 'बारा आण्याचा मसाला' शंभर टक्के पाककृतींच्या कपाटात जाणार, रुचिरा शेजारी. आमच्याकडे नाव बघून कपाट ठरतं, पुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला असतो. खपेल मात्र चांगलं, परत पण येईल तेवढंच.

---

प्रतिसाद:

दोन गोष्टी, रागावू नका.

एक, चौदा नावं ही निवड नाही, गर्दी आहे. तो जॅमवाला प्रयोग आबांच्या पुस्तकात असेलच, २००० साली छापून आलेला, दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तर थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतला आणि ६ मांडले तर ३० टक्क्यांनी. (पुढे असे प्रयोग परत केले तेव्हा सगळीकडे एवढा फरक दिसला नाही हेही खरं, आबांना ते लिहायला सांगा.) चौदातली दहा आज फाडून टाका.

दोन, ते गाढव. ताई, ५,५०० रुपये गेले ते गेले. नाव काहीही ठेवलंत तरी ते परत येणार नाहीत, मग गाढवाला शोभणारं नाव कशाला शोधताय? सासऱ्यांनी यावर अख्खं प्रकरण लिहिलं असणार आणि तुम्ही ते स्वतः टाईप केलंय!

---

धागाकर्ती:

😐 प्रकरण सहावं. 'घातलेत पैसे तर बघू शेवटपर्यंत'. त्यात थिएटरचा प्रयोग पण आहे, ओहायोमधल्या युनिव्हर्सिटीत सीझनची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली आणि काहींना न सांगता स्वस्तात, तर पूर्ण पैसे मोजलेले लोक नाटकांना जास्त वेळा आले. टाईप करताना खूप हसले होते मी त्या लोकांना.

---

प्रतिसाद:

मला तुमचे द्राक्षवाले आजोबा फार आवडले. मी अर्थशास्त्र शिकवते म्हणून थोडं लांबण लावते. ते अजिबात चुकत नव्हते, ते स्वतःला ओळखून होते. फिलिपिन्समधल्या एका बँकेत असाच प्रयोग झाला होता, २००६ मधे प्रसिद्ध झाला, लोकांना विचारलं की असं खातं हवंय का ज्यातून ठरवलेली तारीख किंवा ठरवलेली रक्कम येईपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत, व्याज नेहमीएवढंच, एक पैसा जास्त नाही. पुस्तकी हिशोबाने हे खातं कोणीच घेऊ नये. २८ टक्के लोकांनी घेतलं! आपल्या बायका भिशी लावतात ती दुसरं काय असते, व्याज कुठे मिळतं त्यात, पण बाकीच्या जणी दारात येतात म्हणून पैसे भरले जातात. आजोबांनी बँकेलाच वसुलीवाला म्हणून कामाला लावलं आणि त्याचा पगार वर्षाला २,६२५ रुपये.

आणि एक, सही फॉर्मच्या वरती केली तर लोक जास्त प्रामाणिकपणे माहिती भरतात, असा २०१२ चा एक गाजलेला पेपर पुस्तकात असेल तर काढायला सांगा. त्यातली आकडेवारीच बनावट निघाली, २०२१ मधे तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा पेपर, बघा म्हणजे.

नावाबद्दल, थेलर आणि सनस्टीन यांच्या २००८ च्या पुस्तकाचं 'नज' (म्हणजे हलकासा धक्का) हे नाव त्यांना पुस्तक नाकारणाऱ्या एका प्रकाशकाकडून मिळालं होतं. तेव्हा नको म्हणणाऱ्यांचंही ऐका. आणि छोटं ठेवा.

---

धागाकर्ती:

बाप रे, तो सहीचा पेपर आहे पान १३२ वर! आत्ताच आबांना सांगितलं, ते चष्मा लावून कंप्युटरपाशी येऊन बसलेत, आता रात्र गेली. खूप खूप धन्यवाद मॅडम, आणि तुमचं ते वसुलीवाला वाक्य आबांनी वहीत उतरवून घेतलंय, चालेल ना?

---

प्रतिसाद:

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, नाव सुचवण्यातला माणूस नाही, पण तुमचा स्लिपवरचा हिशोब वाचला तेव्हापासून एक शब्द डोक्यात आहे. बेरीज करताना पोरं सगळं बरोबर करतात आणि हातचा धरायचा विसरतात. उत्तर चुकतं पण चूक कुठे ती कागदावर दिसत नाही, कारण हातचा हा मनात किंवा बोटावर असतो. तुमच्या आबांनी केलेला हिशोब बिनचूक होता, फक्त आजोबांचा हातचा त्यात धरलेला नव्हता. आणि आपण 'हातचं राखून' म्हणतो तेही आजोबांना लागू पडतंच की, साठ हजार राखूनच तर होते.

म्हणून 'हातचा'. किंवा 'हातचा एक'. बघा पटतंय का.

---

प्रतिसाद:

गुरुजी _/\_

---

प्रतिसाद:

आईशप्पथ. हेच. आणि कुठल्याच कपाटात चुकून जाणार नाही, गणिताच्या कपाटात गेलं तर गेलं.

---

प्रतिसाद:

मेंदूचा लोचाला माझं एक मत, नवऱ्याला सांगा एकटे नाहीत.

---

धागाकर्ती:

उशीर झाला सांगायला, घरी धुमाकूळ चाललाय. गुरुजी, तुमचा प्रतिसाद आबांना मोबाईलवर वाचायला दिला तर त्यांनी तो दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, उठून आत गेले. मला वाटलं बिनसलं. तर आतून ती जुनी वही घेऊन आले आणि पहिल्या पानावरच्या विवेकशून्यतेच्या विवेचनावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, बँकवाला माणूस, खाडाखोड करत नाही, रेघ मारून बाजूला सही. आणि खाली लिहिलं 'हातचा'. मग पाच मिनिटांनी त्याच्यापुढे 'एक' लिहिलं, मग त्यावर रेघ मारली, परत सही.

आता नुसतं 'हातचा' की 'हातचा एक' यावर भांडण आहे. आबा आणि मी नुसत्या 'हातचा'च्या बाजूने, नवरा आणि सासूबाई 'एक'च्या. प्रकाशकांना फोन केला, ते म्हणाले दोन्ही चालेल पण खाली बारीक अक्षरात विषय कळेल असं काहीतरी टाका, तर 'माणसं हिशोबाबाहेर का वागतात' एवढं ठरलंय. या नावाचं आधी काही आलंय का ते दुकानवाल्या दादांनी बघून सांगितलं तर फार उपकार होतील, सोमवार दुपारपर्यंत वेळ आहे.

कव्हरवर आता गाढवाच्या जागी स्लिपची पाठ येणार, आबांच्याच अक्षरात ३,७५० वजा १,१२५. गाढवाचं चित्र रद्द. चष्मा घातलेलं आहे, पैसे भरलेले आहेत, कोणाला कशासाठी हवं असेल तर विपू (माझ्या विचारपुशीत मेसेज) करा.