सल्ला हवा: खो-खोचे फोटो, बजेट २५ हजार (आणि पांढऱ्या लेन्सचं दुखणं)

माणदेशी_आबा
रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, खो-खो खेळते. काल-आज जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). सकाळच्या सामन्यांचे फोटो बरे येतात. उपांत्य सामना मात्र संध्याकाळी सातला, दिव्यांखाली. दीडशे फोटो काढले. सगळ्यांत मातीच्या रंगाचा धूर आणि त्यातून बाहेर आलेला एखादा हात.

आता खरं दुखणं. खांबाच्या मागे एकजण गुडघ्यावर बसला होता. एका पायाच्या स्टँडवर कॅमेरा आणि त्याला पांढरी लेन्स, आमच्याकडच्या दुधाच्या किटलीएवढी. त्याने बोट ठेवलं की खटखटखटखट. माझं आपलं खट... खट... मी माझी लेन्स टोपीआड धरून उभा होतो, खोटं कशाला बोलू. सामना संपल्यावर लेक पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "बाबा, त्या काकांना विचारा ना, माझा सूर मारतानाचा फोटो आलाय का." मी कॅमेरा गळ्यात अडकवून तिच्या पुढ्यात उभा!

बजेट २५ हजार. जुनं चालेल. बॉडी बदलू की लेन्स? घरातून एवढेच मंजूर आहेत, वर एक रुपया नाही.

भिगवणकर
रविवार, रात्री १०:५८

सरळ मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्या. मी गेल्या वर्षी जुना सगळा सेट विकून टाकला. आता पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतःच पकडतो, आपण फक्त बटण दाबायचं. बॉडी आणि १००-४०० मिळून पावणेतीन लाखांत बसेल. एकदाच खर्च होतो, मग दहा वर्षं बघायला नको. फ्लेमिंगोचे फोटो टाकू का इथे?

तेलकट_वडा
रविवार, रात्री ११:०३

@भिगवणकर, २५ हजार. पंचवीस. शून्यं मोजा.

आणि फ्लेमिंगो सूर मारत नाहीत.

भिगवणकर
रविवार, रात्री ११:०९

बजेट ताणता येतं, एवढंच म्हणतोय. हप्ते असतात.

लग्नसराई
सोमवार, सकाळी ७:२०

मी लग्नाचे फोटो काढतो, रोजचं काम आहे, म्हणून सांगतो. लेन्स विकत घेऊच नका, भाड्याने आणा. ७०-२०० एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) आमच्याकडे दिवसाला हजाराच्या आतबाहेर मिळते. आधार कार्ड आणि थोडं डिपॉझिट द्यावं लागतं. तुमच्या मुलीचे वर्षात किती दिवस सामने? आठ? दहा? हिशेब करा. नवी घ्यायला गेलात तर दोन लाखांच्या पुढे जाते आणि उरलेले साडेतीनशे दिवस कपाटात झोपते.

घेताना एवढं बघा: समोरची काच उजेडात तिरकी धरून ओरखडा आहे का, झूमची रिंग वाळू अडकल्यासारखी करकरते का. आणि दुकानातच चार फोटो काढून बघा. मला एकदा अशी लेन्स मिळाली की डावी बाजू कायम धूसर. अख्खं लग्न तसं गेलं. नवरी उजवीकडे होती म्हणून वाचलो.

देवगड_पायरी
सोमवार, सकाळी ८:४४

जुनी लेन्स घेणार असाल तर आधी बुरशी बघा!! मी एका ओळखीच्याकडून ७०-२०० घेतली ४२ हजारांना. "घरातच होती, वापरलीच नाही" म्हणाला. ते खरं निघालं, पाच पावसाळे पेटीत पडून होती. मोबाइलचा दिवा मागून लावला तर आत कोळ्याचं जाळं. साफ करायला साडेसहा हजार गेले आणि तरी उजेडासमोर धरली की फोटो दुधाळ येतात. आमच्या कोकणात लेन्स कपड्यांच्या कपाटात ठेवणं म्हणजे पापड उघडे टाकणं. हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल टाका, दाणे रंग बदलले की गरम करून परत टाका.

माणदेशी_आबा
सोमवार, सकाळी ९:०५

आमच्याकडे पाऊसच नाही, बुरशीची काळजी नाही. धुळीचं बोला.

मोबाइलवाला_मन्या
सोमवार, सकाळी ९:३०

काय राव, एवढं कशाला? व्हिडिओ काढायचा आणि त्यातून फोटो उचलायचा. माझ्या मोबाइलमध्ये हजार वेळा खटखट होतं, आवाजसुद्धा येत नाही. कॅमेरे आता म्हातारे झाले.

तेलकट_वडा
सोमवार, सकाळी ९:४१

संध्याकाळी सातला वीस मीटरवरून पळणाऱ्या पोरीचा काढून दाखव आणि इथे टाक. आम्ही वाट बघतो.

एडिसन_आजोबा
सोमवार, सकाळी ९:५८

इथे न्यू जर्सीत नातवाच्या सॉकरला दर शनिवारी जातो. मुलं आठ वर्षांची. बाजूला पालक बसतात, प्रत्येकाच्या मांडीवर तोफ. एकाकडे तर ४०० एफ २.८ आहे, नुसत्या लेन्सचं वजन पावणेतीन किलोच्या वर. त्याचा मुलगा गोलकीपर आहे, जागचा हलत नाही! मी माझी जुनी ७०-३०० काढली की ते प्रेमाने हसतात. ते हसणं जास्त लागतं.

मी शनिवारी भारतात येतोय. कोणाला काही आणायचं असेल तर सांगा, इथे जुनी लेन्स स्वस्त मिळते.

कायदेपंडित
सोमवार, सकाळी १०:१५

आणू नका. कस्टमला विचारलं तर बिल दाखवावं लागेल. शिवाय बाहेरून आणलेल्या मालाची इथे वॉरंटी चालेलच असं नाही.

एडिसन_आजोबा
सोमवार, सकाळी १०:२२

जुन्या लेन्सला कसली वॉरंटी?

कायदेपंडित
सोमवार, सकाळी १०:२६

तत्त्वाचा प्रश्न आहे.

खाडिलकरांचा_बंडू
सोमवार, दुपारी १:१०

धागाकर्त्याने "उपांत्य सामना" लिहिलं म्हणून अभिनंदन. बाकी सगळे सेमीफायनलच म्हणतात. पण मग "फोटो" का? छायाचित्र म्हणा की.

तेलकट_वडा
सोमवार, दुपारी १:१४

आणि लेन्सला काय म्हणू, भिंग? तोफेला भिंग म्हटलं तर तिला राग येईल.

मॅटवरचा_भाऊ
सोमवार, दुपारी २:३८

मी कबड्डीचे काढतो. एफ ५.६ ने रात्री काही होणार नाही, हे आधी मनाशी मान्य करा. कॅनन ८५ एफ १.८ घ्या. मी जुनी १९ हजारांना घेतली. तुमच्या ५५-२५० ला लांब टोकावर जेवढा उजेड मिळतो, त्याच्या जवळजवळ दहापट. म्हणजे शटर सेकंदाच्या १/१०० वर अडकलं होतं ते १/१००० ला जातं. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची, अंगण छोटं, ८५ पुरते.

लग्नसराई
सोमवार, दुपारी २:५०

कबड्डीला पुरते. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आहे भाऊ. लांबच्या खांबाशी गडी मारला तर ८५ मध्ये मुंगी दिसेल.

मॅटवरचा_भाऊ
सोमवार, दुपारी २:५६

जवळच्या खांबाशी बसा ना मग. आणि खरं तर मुलीला कबड्डीत घाला. १९९० पासून एशियाडमध्ये आहे.

माणदेशी_आबा
सोमवार, दुपारी ३:०२

खो-खोचा विश्वचषक २०२५ ला दिल्लीत झाला आणि दोन्ही सुवर्णं आपली. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे. कबड्डीचं नाव काढू नका आमच्यात.

मॅटवरचा_भाऊ
सोमवार, दुपारी ३:०५

बरं. पण ८५ घ्या.

जुना_निगेटिव्ह
सोमवार, रात्री ९:१७

मी एका दैनिकात बावीस वर्षं फोटोग्राफर होतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. ती पांढरी तोफ बहुतेक त्या माणसाची नसते. माझ्याही गळ्यात असायची. स्टोअरमध्ये रजिस्टरला सही करून घ्यायची, रात्री परत करायची, टोपण हरवलं तर पगारातून कापायचे. गावोगावी पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची, मीही ऐटीत असायचो. घरी माझा स्वतःचा कॅमेरा होता त्याला एकच ५० ची लेन्स, तिचाही रबर निघालेला. पांढरा रंग म्हणाल तर तो उन्हात लेन्स तापू नये म्हणून. निकॉनवाले काळ्या लेन्सवर तसेच फोटो काढतात.

दुसरी, कामाची. तुम्ही कुठे उभे होता? मैदानाच्या लांब बाजूला असाल, पालक तिथेच उभे असतात. तिथून बसलेल्या आठ जणी मध्ये येतात आणि धावणारीचा निम्मा वेळ पाठच दिसते. खो-खोत पाठलाग करणारी एकदा दिशा धरली की मागे फिरू शकत नाही, खो दिला नाही तर खांबापर्यंत जावंच लागतं. म्हणजे ती कुठे येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. हे कुठल्या खेळात मिळतं? खांबाच्या मागे, जरा तिरकं, जमिनीवर बसा. खांबावर फोकस लावून ठेवा आणि थांबा. ती सूर मारताना तोंड तुमच्याकडे असेल. बसायचं मात्र मुक्तक्षेत्राच्या, म्हणजे खांबामागच्या मोकळ्या पट्ट्याच्या, बाहेर, नाहीतर एखादी अंगावर येईल. माझा एक दात तसाच गेलाय.

१५००डी सेकंदाला तीनच फोटो काढतो. त्यामुळे बोट दाबून ठेवण्यात अर्थ नाही. एकच काढायचा, पण वेळेवर. आम्ही छत्तीस फोटोंच्या रोलवर अख्खी स्पर्धा उरकायचो. चारशेची फिल्म सोळाशेला ढकलायची, दाणे यायचे, पेपरात छापून यायचं, कोणी तक्रार केली नाही. तुम्ही आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० ला न्यायला का घाबरता?

माणदेशी_आबा
सोमवार, रात्री ९:४०

काका, लांब बाजूलाच उभा होतो. आयएसओ ८०० च्या वर कधी गेलोच नाही, "दाणे येतात" असं एका व्हिडिओत ऐकलं होतं.

तेलकट_वडा
सोमवार, रात्री ९:४६

म्हणजे धूर लेन्सचा नव्हता.

सर्किट_बोर्ड
सोमवार, रात्री १०:३१

अजून एक, कोणी बोललं नाही म्हणून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. एक फोटो लख्ख, पुढचा पिवळट काळा. कॅमेरा बिघडला समजून दुरुस्तीला टाकू नका, मी टाकला होता. कॅनन ७डी मार्क टूमध्ये दिव्याचा उजळ क्षण गाठून फोटो काढायची सोय आहे. तुमच्याकडे नसेल तर एकाऐवजी तीन काढा, एक तरी उजेडात सापडतो.

आणि फोकसचे नऊ बिंदू आहेत त्यातला फक्त मधला वापरा, तोच त्यातल्या त्यात पक्का. एआय सर्वो, म्हणजे हलणाऱ्यावर फोकस धरून ठेवायची सोय, चालू ठेवा. फ्लॅश मारू नका, पंच हाकलतील.

देवगड_पायरी
मंगळवार, सकाळी ८:०२

सगळं बरोबर, पण जुनी लेन्स घेतलीत तर मोबाइलचा दिवा मागून लावून बघाच.

भिगवणकर
मंगळवार, सकाळी ८:३०

मला विचाराल तर पावणेतीन लाख जास्त वाटतात, पण एकदाच.

मॅटवरचा_भाऊ
मंगळवार, सकाळी ९:००

८५ एफ १.८. शेवटचं सांगतो.

माणदेशी_आबा
पुढच्या रविवारी, रात्री ११:२०

मंडळी, आभार. घेतली.

८५ नाही, भाड्याची नाही, मिररलेस नाही. मुंबईला कामानिमित्त गेलो होतो, फोर्टमध्ये बोरा बाजारच्या गल्लीत शिरलो. ८५ मागितली, दुकानदाराने काढून दिली. तिच्या शेजारी काचेत कॅनन ७०-२०० एफ ४ ठेवली होती, जुनी, बिगर-आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय नसलेली. किंमत २८ हजार. मला माहीत आहे, रात्रीच्या सामन्याला एफ ४ म्हणजे माझ्या ५५-२५० च्या दुप्पटच उजेड, ८५ च्या पासंगाला नाही. मोबाइलचा दिवा लावून बघितलं, आत स्वच्छ. पण एक गोष्ट आहे. ती पांढरी आहे.

वरचे तीन हजार कुठून आले ते घरी विचारायचं आहे, अजून विचारलेलं नाही.

आज मैत्रीचे सामने होते. मैदानात शिरलो तर गेटवरचा पोरगा दोरी वर करून म्हणाला, "साहेब, तुम्ही आत बसा, प्रेसवाल्यांच्या बाजूला." गेल्या वेळी त्यानेच मला दोरीच्या मागे ढकललं होतं. खांबामागे तिरका बसलो, आयएसओ ३२००, मधला बिंदू. एकोणचाळीस फोटो काढले, सहा बरे आहेत. एका फोटोत लेक पूर्ण आडवी हवेत, बोटं समोरच्या मुलीच्या पाठीपासून चार बोटं लांब, धूळ अजून उठायची आहे. फोकस खांबावर आहे. खांबाचा तेलकटपणासुद्धा दिसतो इतका स्पष्ट. लेक जरा मऊ आली आहे. तिने स्टेटसला ठेवला.

सामना संपल्यावर एक गृहस्थ आले, गळ्यात १५००डी. विचारत होते, त्यांच्या मुलीचा आलाय का एखादा.

जुना_निगेटिव्ह
रविवार, रात्री ११:३४

फोकस खांबाच्या हातभर अलीकडे लावायचा. सूर तिथे संपतो. माझं सांगायचं राहिलं.

त्यांच्या मुलीचा होता का?

माणदेशी_आबा
रविवार, रात्री ११:३७

एक होता. पाठवला.

मॅटवरचा_भाऊ
रविवार, रात्री ११:४१

८५ असती तर लेकही मऊ आली नसती.

एडिसन_आजोबा
रविवार, रात्री ११:५५

मी पुण्यात पोचलो. ७०-२०० एफ ४ घेऊन आलोय, दोनशे डॉलरला मिळाली, कस्टमने विचारलंसुद्धा नाही. कोणासाठी होती ती?