लिथियम चालू असताना निर्जळा एकादशी चालते का?

राजवाडाकर (इंदूर):
मोठ्या भावाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य असा मनाचा आजार) आहे, मागच्या दिवाळीत कळलं. त्याआधी महिनाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अनोळखी लोकांना भुट्ट्याचा कीस खाऊ घालायचा, आता इंदुरात याचं कुणाला काय वाटणार, सराफा जागाच असतो, आम्हीपण हसलो. एका आठवड्यात दोन जुन्या स्कूटर घेऊन आला तेव्हा ट्यूब पेटली. आता त्यावर लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत, चार महिने एकदम नॉर्मल. तो म्हणतो बरा झालो, गोळ्या कशाला, वर हात थरथरतात, चहा घेताना बशी वाजते. आणि आई नवस बोलून बसलीये, त्याच्याकडून निर्जळा एकादशी करवणार. भर उन्हाळ्यात!

मांडवीवाला (बडोदा):
गोळ्या बंद करणं आणि निर्जळा, दोन्ही नको रे. मी ११ वर्षं खातोय. एकदा स्वतःच्या अकलेने बंद केल्या, तीन आठवड्यांत दुकान गहाण टाकायला निघालो होतो. बरं वाटतंय ते गोळीमुळे, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं. थरथर डॉक्टरला सांगा, माझी डोस बदलल्यावर कमी झाली.

साधासरळ:
या गोळ्यांची सवय लागते. सकाळी प्राणायाम करा, मन शांत होतं.

किल्लेवाली (ग्वाल्हेर):
प्राणायाम करा की, गोळी घेऊन करा. लिथियमची नशा नाही, सवय नाही, १९४९ पासून मॅनियासाठी, म्हणजे त्या अति उत्साहाच्या झटक्यासाठी, वापरात आहे. मी सायकायट्रीची (मानसोपचाराची) रेसिडेंट डॉक्टर आहे म्हणून निर्जळाचं सांगते. किडनी लिथियमला मिठासारखंच वागवते. पाणी, मीठ कमी पडलं की ती मीठ धरून ठेवते आणि सोबत लिथियमही, रक्तात लेव्हल चढते. उलट्या-जुलाब, झोक जाणं, जीभ जड होणं दिसलं तर थेट इमर्जन्सी. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेनपण परस्पर देऊ नका. लेव्हल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघतात, बहुधा ०.६ ते ०.८ mmol/L च्या आसपास ठेवतात, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सहा महिन्यांनी. रात्री-बेरात्री काही विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.

राजवाडाकर:
थँक्यू ताई. आईला वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, त्याच्या वाटची मी करते, तू त्याला ताक दे मीठ घालून.

किल्लेवाली:
ताक द्या, पण मीठ नेहमीइतकंच हं. आणि काकूंना बीपी-शुगर नाही ना?