व्हॉन मन्रोची ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी मिळालीय, खरखर कमी कशी करू?

न्यूजर्सीवाली:
मंडळी, परवा इथे शेजारच्या गल्लीत कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलेलं, त्यात पुस्तकांच्या खोक्यात एक जाड काळी तबकडी सापडली, एका डॉलरला. आरसीए व्हिक्टर, कुत्रा-भोंगा, 'लेट इट स्नो', खाली व्हॉन मन्रो. कडेला नखाएवढा टवका उडालाय, पण रेघांपर्यंत गेलेला नाही. प्लेअरवर लावली तर आधी म्हैस रेकल्यासारखा आवाज, मग कळलं स्पीड ४५वर होता 😄 ७८वर गाणं नीट, पण खरखर एवढी की शेजारी कुणी भजी तळतंय वाटावं. हा बाबा कोण? आणि ख्रिसमसला मैत्रिणी येणारेत, ऐकवता येईल का?

लाखेची_तबकडी:
सुई एलपीची असणार. ७८ची खाच खूप रुंद असते, बारीक सुई तळाशी लोळते आणि सगळा कचरा वाचत बसते. ३ मिलची, म्हणजे टोक इंचाच्या तीन हजारांश भागाएवढं असलेली सुई घ्या. आणि कृपा करून स्पिरिटने पुसू नका! ती तबकडी लाखेची (शेलॅकची) आहे, विरघळते. आजोबांच्या नाट्यगीताच्या तबकडीवर मी ते करून बसलोय, कापूस काळा झाला तेव्हा कळलं. गार पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, मधलं लेबल कोरडं ठेवा.

ठाणेकर७८:
मन्रो म्हणजे १९४०च्या दशकातला मोठा बँडवाला, स्वतःच गायचा, आवाज घोगरा खर्जातला. त्यावरून लोक त्याला 'चामड्याच्या घशाचा' म्हणून चिडवायचे. आता नाव कुणाला माहीत नसतं पण 'डाय हार्ड' सिनेमाच्या शेवटी वाजतं ते ह्याचंच. गाणं १९४५च्या जुलैत हॉलीवूडच्या उकाड्यात लिहिलेलं, त्यात ख्रिसमसचा शब्दही नाही! १९४६च्या सुरुवातीला बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं, म्हणजे घरोघरी गेलेलं, त्यामुळे किंमत फार येणार नाही. डॉलर बरोबरच दिलात.

लाखेची_तबकडी:
किमतीचं सोडा हो. युद्धात लाख आपल्याकडून जायची ती अडली म्हणून १९४२मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीची लाख ७० टक्क्यांनी कापलेली, जुन्या तबकड्या गोळा करून दळून परत वापरायचे. ताईंच्या तबकडीत कुणाकुणाची गाणी दळलेली असतील!

न्यूजर्सीवाली:
अगंबाई, मी स्पिरिटची बाटली उघडून बसलेले 🙈 सुई मागवली. मागच्या बाजूला काय आहे ते अजून ऐकलंच नाही.